कॅप्सूल काढली म्हणजे स्नायू जोडला, असं नाही

डिस्चार्ज कार्डावर ‘टोटल कॅप्सुलेक्टोमी’, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं आवरण (कॅप्सूल) पूर्ण काढलं, असं लिहिलेलं असतं आणि समोर बसलेली ताई मला सांगते, “स्नायूपण नीट करून दिलाय.” मी विचारते, कुठे लिहिलंय? ती त्याच ओळीवर बोट ठेवते. स्तनातले इम्प्लांट काढल्यानंतर छाती आणि खांदा पुन्हा कामाला लावणं हा माझ्या फिजिओथेरपीच्या कामाचा भाग आहे. हा घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदाच लिहून ठेवते.

कॅप्सूल म्हणजे काय, हे इम्प्लांट काढायला निघालेल्या बहुतेक जणींना ठाऊक असतं. शरीर परक्या वस्तूभोवती कोलॅजनचं आवरण बांधतं. ते मऊ राहतं, नाहीतर आवळून कडक होतं. सर्जन ते पूर्ण काढतात, थोडं काढतात, कधी राहूही देतात. फक्त ‘एन ब्लॉक’च करा, म्हणजे इम्प्लांट आणि आवरण एकसंध काढा, या हट्टाबद्दल एवढं बोलते. हा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतला शब्द आहे. इम्प्लांटभोवती क्वचित होणाऱ्या लिम्फोमा या कर्करोगामुळे जुलै 2019 मध्ये अॅलर्गन कंपनीने तिचे बायोसेल इम्प्लांट बाजारातून मागे घेतले, त्या आजारात आवरण न फोडता इम्प्लांटसकट काढण्याला पक्का अर्थ आहे. आजार नसताना फासळ्यांना घट्ट चिकटलेली मागची भिंत खरवडून काढायला लावणं मला अजिबात पटत नाही, कारण फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला तिथेच भोक पडू शकतं.

आता स्नायू. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याची एक बाजू कॉलरबोन, छातीचं मधलं हाड आणि फासळ्यांच्या कूर्चा यांना धरून असते. दुसरं टोक दंडाच्या हाडाला. इम्प्लांट स्नायूच्या वर बसवले असतील तर हा स्नायू सहसा कापलेलाच नसतो. दुखणं ओसरलं की ताकद बऱ्यापैकी लवकर परतते, त्या बायकांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

इम्प्लांट स्नायूखाली असतील तर गोष्ट वेगळी. जागा करण्यासाठी सर्जनने पहिल्या ऑपरेशनच्या वेळी स्नायूची खालची कडा फासळ्यांवरून सोडवलेली असते. मांडवाच्या कनातीचा खालचा दोर सोडला की ती वर चढते, तशी ही कडा वर सरकते आणि पुढे स्तनाच्या ऊतींना आतून चिकटते. म्हणूनच हाताने जोर लावून दाबलं की स्तन वर किंवा बाजूला ओढला जातो. वर्षानुवर्षं इम्प्लांटच्या दाबाखाली राहून स्नायू ताणलेला आणि पातळही झालेला असू शकतो.

इम्प्लांट बाहेर आला, कॅप्सूल बाहेर आली. ती सुटलेली कडा कुठे आहे? जिथे चिकटली होती तिथेच. ती आपोआप फासळीवर जाऊन बसत नाही. सर्जनने ती वरच्या ऊतींपासून सोडवून, खाली आणून छातीच्या भिंतीला टाके घालून बांधली, तरच ती जागेवर येते. ही वेगळी पायरी आहे आणि ऑपरेशन नोटमध्ये तिची वेगळी ओळ असते. काही सर्जन ती शक्य तेव्हा करतातच, काही गरज वाटली तरच. कधी स्नायू इतका विरळ झालेला असतो की टाके धरतच नाहीत. न जोडणं म्हणजे दर वेळी हलगर्जीपणा नव्हे, पण जोडलाय की नाही हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. पुढचे तीन महिने कसे काढायचे, ते यावर ठरतं.

स्नायू जोडला असेल तर पहिले सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, त्या टाक्यांवर जोर येता कामा नये. बाहेरची जखम दोन-तीन आठवड्यांत छान दिसू लागते आणि तिथेच फसगत होते. आतला नवा जोड तेव्हा कच्चा असतो. तिथलं कोलॅजन पुढे कित्येक महिने पक्कं होत राहतं. कणीक मळणं, कुकरचं झाकण आवळणं, पलंगावर तळवे टेकवून उठणं, ही सगळी या स्नायूचीच कामं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठा. माझ्याकडे आलेल्या एकीने तिसऱ्या आठवड्यात परातभर कणीक मळली, कारण मैत्रिणीने मळली होती आणि तिला काही झालं नव्हतं. मैत्रिणीचे इम्प्लांट स्नायूच्या वर होते.

नमस्कारासारखे तळवे एकमेकांवर दाबण्याचा व्यायाम ‘सोपा, सुरक्षित’ म्हणून सर्रास सुचवला जातो, त्याचा मला राग येतो. हात जागचे हलत नसले तरी त्यात पेक्टोरॅलिस पूर्ण आवळला जातो. जोडलेल्या स्नायूसाठी पहिले सहा आठवडे तरी तो नकोच. खांदा मात्र बांधून ठेवू नका, आखडतो. सर्जनने दिलेल्या मर्यादेत हात हलका हलवणं, खांद्याची पाती मागे नेणं, खोल श्वास घेणं चालू हवं.

स्नायू जोडलेला नसेल तर जपायला तो जोडच नसतो. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) निघाले, पाणी साचत नाही असं सर्जनने पाहिलं, की हालचाल आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवता येतं, बहुधा लवकर. दुखण्याचाही थोडा फरक जाणवतो. कॅप्सूल काढलेली जागा खोकताना, खोल श्वास घेताना बोचते. जोडलेला स्नायू हाताने काही ढकलताना खालच्या कडेला खेचतो. पण निव्वळ दुखण्यावरून निदान करू नका, ऑपरेशन नोट मागून घ्या. जोर लावताना ‘टक’ झालं, नवा काळानिळा डाग किंवा फुगवटा आला, एक बाजू अचानक सुजली, ताप आला, तर सर्जनला त्याच दिवशी दाखवा. धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा.

तीन महिन्यांनी, सर्जनची परवानगी असेल तर, आरशासमोर उभं राहून दोन्ही हात कमरेवर दाबून बघा. स्तनाखाली खळगा पडत असेल, त्वचा आत ओढली जात असेल, तर कडा अजून वर चिकटलेली असण्याची शक्यता आहे. इथे बायका जिममध्ये जाऊन छातीचे व्यायाम दुप्पट करतात. स्नायू बळकट होतो, ओढही वाढते, खळगा अजून ठळक दिसतो. व्यायामाने चिकटलेली कडा सुटत नाही आणि सुटलेली कडा फासळीला चिकटत नाही. ते काम सर्जनचं आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधीच, संमतीपत्रावर सही करताना त्यांना विचारा: माझे इम्प्लांट स्नायूखाली आहेत का, आणि काढल्यावर तुम्ही स्नायू परत जोडणार आहात का?