स्वसंवाद

स्वसंवाद म्हणजे माणसाने स्वतःशीच केलेले बोलणे. ते मोठ्याने होते, पुटपुटत होते, आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात चालते. हरवलेली किल्ली शोधताना निघणारे ‘आत्ता तर इथंच होती’, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे ‘आता काही खरं नाही’ आणि अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना म्हटलेले ‘हळू, डावीकडे बघ’ ही तिन्ही त्याचीच रूपे आहेत. पहिले आठवणीला मदत करते, दुसरे भीती वाढवते, तिसरे हाताला दिशा देते. म्हणून ‘सकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ एवढी एकच विभागणी या विषयाला पुरत नाही. वाक्य खरे आहे का, नेमके आहे का, आणि ते कोणत्या सुरात म्हटले जाते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

उगम

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात मांडले की, मोठी माणसे देतात त्या सूचना मूल आधी स्वतःला मोठ्याने देते. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात हे बोलणे भरपूर ऐकू येते. पुढे त्याची कुजबुज होते आणि मग ते आत जाते. काम अवघड झाले की मुलाची बडबड वाढते, असेही त्यांना आढळले. ठोकळे रचताना किंवा गणित सोडवताना स्वतःशी बोलणाऱ्या मुलाला ‘गप्प बसून कर’ असे दटावणे त्यामुळे चुकीचे आहे; त्याचा आधारच काढून घेतला जातो.

मोठ्यांच्या मनातही शब्द सतत चालू असतात असे नाही. मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट यांच्या पद्धतीत व्यक्तीजवळ दिवसभर अधूनमधून वाजणारे एक यंत्र असते, आणि ते वाजण्याच्या क्षणी मनात काय होते याची तिने नोंद करायची असते. अशा नोंदींत सरासरी सुमारे एक चतुर्थांश वेळा शब्दांतला विचार सापडतो. काहींच्या मनात तो जवळजवळ नसतोच, काहींच्या बराच असतो. चित्रांतून विचार करणाऱ्यांनी आपल्यात काही कमी आहे असे मानू नये.

मनावर परिणाम

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा: प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये एक वाक्य असते. मराठीत ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते, आणि ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. साहेबांनी अहवाल परत पाठवला, हा प्रसंग. ‘दोन तक्ते चुकले’ असे मनात आले तर खंत वाटते आणि माणूस तक्ते दुरुस्त करतो. ‘मला काहीच येत नाही’ असे आले तर तो खचतो आणि अहवाल उघडायचेच टाळतो.

मराठीत हे मधले वाक्य पकडायला एक चांगली खूण आहे: ‘च’. ‘जमलंच पाहिजे’, ‘त्यानं असं वागायलाच नको होतं’, ‘माझं नेहमीच असं होतं’, ‘मला हे कधीच झेपणार नाही’. एलिस यांच्या मते भावनिक त्रासाच्या मुळाशी अट्टहास असतो; मराठीत तो या अक्षरात अनेकदा उघडा पडतो. ‘जमावं अशी माझी फार इच्छा आहे’ या वाक्यात इच्छा तितकीच तीव्र राहते, पण न जमल्यास जग बुडत नाही.

दुसरा धोका दळणाचा. तेच ते दळत राहण्याच्या सवयीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी केला. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात भूकंप झाला, त्याच्या थोडे आधी त्यांनी विद्यार्थ्यांच्या या सवयीची नोंद घेतलेली होती. ज्यांना आधीपासून दळण्याची सवय होती त्यांच्यात भूकंपानंतर खिन्नतेची लक्षणे जास्त दिसली. दळण ओळखायचे कसे? ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न गोल फिरतो. ‘उद्या सकाळी आधी काय करू?’ हा कुठेतरी पोहोचतो. दहा मिनिटांत नवीन माहिती किंवा पुढचे पाऊल हाती आले नाही, तर तो विचार नसून दळण आहे असे धरावे आणि जागेवरून उठावे.

‘मी’ऐवजी ‘तू’

मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या प्रयोगांत, तणावाच्या प्रसंगाआधी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना ‘मी’ म्हणणाऱ्यांपेक्षा प्रसंग सोपा गेला. मित्राला सल्ला देताना जे अंतर असते, ते स्वतःपासूनही मिळते. मराठीत नुसते सर्वनाम गाळून भागत नाही, कारण क्रियापदच पुरुष सांगते: ‘घाबरलोय’चे ‘घाबरलायस’ करावे लागते. समर्थ रामदासांचे मनाला उद्देशून रचलेले २०५ श्लोक ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला मनाला समोर बसवून बोलणे परके नाही. आणि तिथे मनाला ‘सज्जन’ म्हटले आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. ‘तू गाढव आहेस’ यातही ‘तू’ आहेच, पण त्याने अंतर मिळत नाही, नुसता मार बसतो.

खेळ आणि कौशल्ये

खेळाडूंवरील ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वसंवादाचा मध्यम पण निश्चित फायदा दिसला. नेम, सर्व्हिस अशा बारीक कौशल्यात सूचनेचा शब्द (‘कोपर वर’, ‘चेंडूकडे’) प्रोत्साहनाच्या शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडतो. शब्द एक-दोनच असावेत आणि सरावातच पक्के झालेले असावेत. सामन्याच्या दिवशी नवा शब्द आणला की लक्ष हालचालीऐवजी शब्दावरच जाते.

गोड वाक्यांची मर्यादा

फ्रेंच औषधविक्रेते एमिल कुए यांनी ‘मी दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहे’ अशा अर्थाचे वाक्य रोज २० वेळा म्हणायला सांगितले, आणि तेव्हापासून असे मंत्र वाटले जात आहेत. २००९ साली मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य म्हणायला लावून पाहिले. स्वतःविषयी आधीच बरे मत असणाऱ्यांना थोडे बरे वाटले. ज्यांना खरी गरज होती त्यांना उलट अधिक वाईट वाटले. न पटणारे वाक्य म्हटले की मन लगेच विरुद्ध पुरावे काढू लागते. त्यापेक्षा पटण्याजोगे वाक्य घ्यावे. धडधडणाऱ्या छातीला ‘शांत हो’ सांगण्यापेक्षा ‘अंगात उत्साह आलाय’ असे सांगणे गाणे, भाषण आणि गणिताच्या प्रयोगांत सरस ठरले, कारण उत्साहातही छाती धडधडतेच.

वहीची पद्धत

दोन आठवडे, रोज एकदा, १० मिनिटे. झोपण्याआधी लगेच नको. अंथरुणात ते दळण होते.

१. प्रसंग एका ओळीत लिहावा: कोण, कुठे, काय झाले.
२. मनात आलेले वाक्य जसेच्या तसे, बोलीभाषेतच लिहावे. ‘मला न्यूनगंड वाटला’ हे वाक्य नव्हे, निदान आहे; ‘सगळे मला हसणार’ हे वाक्य.
३. भावनेला ० ते १०० गुण द्यावेत.
४. ‘च’, ‘सगळे’, ‘नेहमी’ अधोरेखित करून बाजूचे आणि विरुद्ध पुरावे लिहावेत. पुरावा म्हणजे घडलेली गोष्ट, वाटलेली नव्हे.
५. जिवलग मित्राला सांगू त्या सुरात नवे वाक्य लिहून पुन्हा गुण द्यावेत.

गुण ८० वरून ५५ वर आले तर पद्धत चालली. ते शून्यावर आणायचा हट्ट धरला की नवाच ‘च’ जन्माला येतो. गुण अजिबात हलले नाहीत, तर बहुधा खरे वाक्य अजून खालीच आहे. ‘तसं झालं तर काय?’ असे दोन-तीनदा विचारले की ते वर येते. वाईट विचार दाबून टाकणे मात्र उपयोगाचे नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर ते अस्वल लोकांच्या मनात येतच राहिले.

मदत केव्हा घ्यावी

स्वतःशी मोठ्याने बोलणे हा आजार नाही. पण आवाज आपला नसून बाहेरून कोणी बोलते आहे असे वाटत असेल, तो आज्ञा देत असेल, किंवा ‘जगून काय उपयोग’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल, तर वहीवर विसंबू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.