आत्मचित्राची वाटचाल

चित्रकाराने स्वतःचा चेहरा रंगवला की तो मन मोकळं करतोय, असं आपण सहज धरून चालतो. ही समजूत बरीच अलीकडची. शतकानुशतकं कारागिराची पहिली ओढ आपलं नाव टिकवण्याची होती. इजिप्तच्या अखेनातेन राजाचा मुख्य शिल्पकार बाक इसवी सनपूर्व १४व्या शतकातला. पत्नीशेजारी उभी असलेली त्याची पोट सुटलेली मूर्ती बर्लिनमध्ये आहे. ती बहुधा त्याने स्वतःच घडवली. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे सोनेरी दरवाजे करताना शिल्पकार लोरेंझो गिबर्तीने चौकटीत आपलं टक्कल पडलेलं डोकं बसवलं आणि पुढे टिपणांत आपल्या कामाची हकिगतही लिहिली. कलावंताच्या आत्मचरित्राची सुरुवात मी इथूनच मानतो.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात पाहून स्वतःला रेखाटलं. नंतर कागदावर तशी नोंदही केली. १५०० मध्ये तर त्याने ख्रिस्ताच्या चित्रांत असते तशी थेट समोरची ठेवण घेतली.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटपाशी मात्र थांबायलाच हवं. स्वतःची जवळपास ४० रंगचित्रं, शिवाय तीसेक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं. तरुणपणी आरशासमोर डोळे वटारून तो चेहऱ्यावरचे भाव टिपायचा सराव करत होता. नामांकित चित्रकाराचा चेहरा त्याच्याच हातचा हवा, असे शौकीनही होते. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, घर गेलं, आणि त्यानंतरच्या चित्रांत हे दुःख वाचायचा मोह होतोच. पण लंडनच्या केनवुड हाउसमधलं उतारवयातलं चित्र जवळून बघा: चेहरा जाड रंगाच्या थरांनी घडवलाय, पॅलेट धरलेला हात मात्र चार फटकाऱ्यांत सोडून दिलाय. कुठे थांबायचं हे पक्कं ठाऊक असलेल्या उस्तादाचं हे काम आहे, दया मागणाऱ्याचं नाही.

व्हॅन गॉगने स्वतःला वारंवार रंगवलं, त्यामागे मॉडेलला द्यायला पैसे नसणं हेही कारण होतं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो १९२५ च्या बस अपघातानंतर अंथरुणाला खिळली, पलंगाच्या वर आरसा लावला गेला आणि जखमी देहच तिचा विषय झाला.

शार्लोट सालोमन त्याही पुढे गेली. नाझींच्या छळामुळे बर्लिन सोडून दक्षिण फ्रान्समध्ये आलेल्या या तरुणीने १९४० ते १९४२ या काळात शेकडो चित्रांत आपलं घराणं, आईची आत्महत्या, प्रेम, सारं मांडलं. संवाद लिहिले, कुठे कोणती चाल ऐकू यावी हेही नोंदवलं, आणि स्वतःला वेगळंच नाव दिलं. १९४३ मध्ये नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत तिची हत्या झाली. चित्रं वाचली, ती आता अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात आहेत.