दम्याच्या पंपाची सवय लागत नाही

"पंप एकदा सुरू केला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या." दम्याच्या रुग्णाला घरोघरी मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी अनेकांचा आजार हाताबाहेर जातो.

पंपाचं व्यसन लागत नाही. तो बंद केल्यावर धाप परत येते, कारण दमा मुळातच दीर्घकाळचा आजार आहे. श्वासनलिकांची सूज आत तशीच असते. गोळी सौम्य असते, हाही गैरसमजच. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची धरली, तर पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे तिचा चाळिसावा भाग. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकेत उतरतो.

खरा घोटाळा दोन पंपांत होतो. एक धाप लागल्यावर आराम देणारा, दुसरा सूज आटोक्यात ठेवणारा, स्टेरॉइडचा, सहसा रोज घ्यायचा. बरं वाटलं की लोक दुसरा सोडतात आणि पहिल्यावरच भागवतात. नुसत्या आरामाच्या पंपावर दमा सांभाळू नये, असं जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगतात. स्टेरॉइडच्या नावाने घाबरू नका. मात्रा अगदी कमी असते. घेतल्यावर चूळ भरा, म्हणजे तोंडात बुरशी व्हायची भीती कमी.

'स्थळं येणार नाहीत' म्हणून मुलीला पंप लपवायला लावतात, हे मला सर्वांत जास्त सलतं. ऐन धापेत तो हाताशीच हवा. दाबणं आणि श्वास ओढणं एकदम जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी, लावा. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा; पद्धत चुकली तर औषध घशातच राहतं.