कसबा (महाराष्ट्रातील बाजारगाव)

कसबा : आसपासच्या खेड्यांचा आठवडे बाजार जिथे भरतो, असे शेतीवर पोसलेले मोठे गाव. मराठेशाहीच्या कागदपत्रांत साध्या खेड्याच्या नावाआधी ‘मौजे’ लिहीत, तर पेठ असलेल्या आणि बहुधा परगण्याचे (अनेक गावांच्या महसुली विभागाचे) ठाणे असलेल्या गावाच्या नावाआधी ‘कसबे’. कसबा संगमेश्वर, कसबा बीड, कसबा बावडा या नावांत ही ओळख टिकून आहे. पुण्याचा सर्वांत जुना भागही कसबाच.

कसबा म्हणजे अर्धवट राहिलेले शहर नव्हे. त्याचा पैसा, सण आणि भांडणे शिवारातल्या पिकावर ठरतात. पाऊस लांबला की पेठेतल्या कापडाच्या दुकानात शुकशुकाट होतो आणि पीक साधले की लग्नसराई जोरात होते. गावाची जमीन वस्तीची ‘पांढरी’ आणि पिकाची ‘काळी’ अशी वाटलेली असे. पाटील-कुलकर्णी गावाचा कारभार पाहत. पेठेचा कारभार मात्र शेटे आणि महाजन या वतनदारांकडे (वंशपरंपरेने हक्क असलेल्यांकडे) असे. नवी पेठ वसवायची झाल्यास व्यापाऱ्यांना काही वर्षे करात सूट देऊन बोलावले जाई.

कसब्याचा खरा स्वभाव बाजाराच्या दिवशी कळतो. शेजारच्या गावांचे वार एकमेकांवर पडू नयेत असे वाटून घेतलेले असतात. त्यामुळे फिरता व्यापारी आज इथे तर उद्या तिथे पाल ठोकतो. खेड्यातला माणूस मीठमिरची घ्यायला येतो आणि त्याच फेरीत लोहाराकडून विळा पाजवून घेतो, सोयरिकीचे बोलणे काढतो, तलाठ्याला गाठतो. बैलबाजारात सौदा हातावर उपरणे टाकून होतो. दलाल आणि गिऱ्हाईक त्या उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना भाव कळत नाही. धान्य आणि कापसाच्या अडतीवरही (दलालाच्या पेढीवरही) ही रीत होती. तिथे मात्र ती शेतकऱ्याला महाग पडे, कारण आपल्याच मालाला काय भाव लागला हे त्याला शेवटी कळे. त्यात अडत (दलाली), हमाली, तोलाई आणि कडता (वजनातली कपात) वजा होऊन हातात पट्टी (हिशोबाची चिठ्ठी) येई.

या व्यवहाराला शिस्त लावण्याचे आरंभीचे प्रयत्न वऱ्हाडातल्या कापूसपेठांत झाले. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार समितीचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव आणि परवानाधारक तोलार यांमुळे शेतकऱ्याला आपल्या मालाची बोली कानाने ऐकता आली. प्रस्तुत लेखकाच्या मते कसब्यांच्या इतिहासातला हा बदल कोणत्याही वाड्याच्या बांधणीपेक्षा मोठा आहे.

पेठेची दुसरी बाजू सावकारीची. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचा भाव चढला आणि कर्जे वाढली; युद्ध संपताच भाव कोसळला, सारा (जमिनीचा सरकारी कर) आणि व्याज मात्र राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जाचे कागद जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. उठाव बाजारगावात पेटला हे स्वाभाविकच होते. खेड्याखेड्यांतली कर्जदार कुळे आणि त्यांचा सावकार तिथेच समोरासमोर येत.

रेल्वेने काही कसब्यांचे नशीब पालटले. बार्शीला जवळच्या मोठ्या लोहमार्गाशी जोडणारी अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. वारकरी आणि धान्याची पोती एकाच गाडीने जात. जिथे रूळ गेले नाहीत तिथली पेठ हळूहळू ओसरली.

बांधकामाचा वारसा प्रदेशागणिक वेगळा आहे. वेस, चावडी, पार, बारव (पायऱ्यांची विहीर) आणि देशमुखांची गढी (तटबंदीचा वाडा) हे ओळखीचे. पण कमी पावसाच्या भागातली माळवदाची, खानदेश-वऱ्हाडात धाब्याची म्हणतात ती घरे अधिक लक्ष देण्याजोगी आहेत. लाकडी तुळयांवर किलचाने (लाकडाचे लहान तुकडे), त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर असे हे सपाट छत असते. मृगाआधी त्यावर खारी माती पसरतात. ती ओली झाली की थराच्या भेगा बुजतात. हे काम दरवर्षी करावे लागते. घरमालक शहरात गेला की ते थांबते आणि काही पावसाळ्यांत छत बसते. वाडे पडण्यामागे हे साधे कारण पुष्कळदा असते.

वारशाच्या वर्णनातून एक गोष्ट बहुधा वगळली जाते. वेशीच्या आत कोणी राहायचे आणि बाहेर कोणी, कोणत्या विहिरीचे पाणी कोणी भरायचे, हे जातीने ठरे. महारवाडा आणि मांगवाडा वेशीबाहेर असत. महार वतनासह कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वस्तीची जुनी आखणी मात्र अनेक गावांत आजही ओळखता येते. ही आखणी नोंदवल्याशिवाय गावाचा नकाशा पुरा होत नाही.

आजच्या सरकारी वर्गवारीत कसब्याला स्वतःची जागा नाही. जनगणनेत एखादे गाव नगरपालिका वा नगरपंचायत नसतानाही नगर ठरायचे, तर किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० ची दाटी आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असावे लागतात. शेतीवरच उभे असलेले बाजारगाव शेवटच्या अटीत अडकते आणि लोकसंख्या कितीही वाढली तरी कागदोपत्री खेडेच राहते. नगरपंचायत झाली की ते एका रात्रीत नगर होते, पण तिथला आठवडे बाजार आणि पेरणीचे दिवस तेच राहतात.