वडिलांची स्मरणपुस्तिका छापायला देण्यापूर्वी
वर्षश्राद्ध, पुण्यस्मरण किंवा जन्मशताब्दीची पुस्तिका करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

पुस्तिका कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. नात्यातली, नाहीतर बाजारातल्या कुणा व्यापाऱ्याच्या घरची पाहूनच तुम्ही आमच्याकडे येता. कागद, कव्हर, लॅमिनेशनचे नमुने काउंटरवर आहेत, ते हाताळून बघा. हे पत्रक लिहिलंय ते रोज विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नासाठी: "मजकूर दिला, फोटो दिला, मग पंधरा दिवस कशाला?"

छपाईला पंधरा दिवस लागत नाहीत. ए-फाइव्ह आकाराची १६ पानी पुस्तिका, ५०० प्रती, प्लेटा (छपाईचे पत्रे) निघाल्या की छपाई, घडी, पिनिंग, कटिंग धरून दोन-तीन दिवसांत हातात मिळते. दिवस जातात ते प्रूफ, म्हणजे तपासायचा कच्चा नमुना, तुमच्या घरी गेल्यावर.

होतं असं. थोरले चिरंजीव एक कागद आणतात. त्यावर असतं: दानशूर, कष्टाळू, मनमिळाऊ, शून्यातून विश्व निर्माण करणारे. आम्ही मजकूर कंपोज करतो, म्हणजे टाइप करून जुळवतो, फोटो बसवतो, पानं लावतो. प्रूफ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतं आणि मग सगळ्यांना आठवायला लागतं. सिन्नरहून आत्या सांगतात, दुकानाआधी अण्णा सायकलवर डबे लावून फिरायचे, ते कुठे गेलं? धाकटे म्हणतात, पहिला गाळा भाड्याचा होता. जावईबापू सालावर बोट ठेवतात. गंमत म्हणजे यातलं काहीही चुकीचं नसतं, आणि छापायला हवं ते नेमकं हेच असतं. पण ते मागून येतं. "एक पान वाढवा" म्हणून एक पान वाढत नाही. कागद मधोमध दुमडून पिन मारायची असते, त्यामुळे पानं ४ च्या पटीतच वाढतात. १६ ची २० झाली की उरलेली तीन पानं भरायला पुन्हा फोटोंची शोधाशोध सुरू होते.

म्हणून विनंती एवढीच, की विशेषणं राहू द्या, हकिकती आणा, आणि त्या कंपोजच्या आधी आणा. "कष्टाळू" हे नाशिकमधल्या कुठल्याही दुकानदाराबद्दल छापता येतं. पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलावाला उभं राहून, तिथूनच परस्पर दुकान उघडायला जाणारा माणूस तुमचाच असतो.

या हकिकती घरात पूर्ण मिळत नाहीत. घरच्यांनी वडील पाहिलेले असतात ते रात्री जेवताना आणि सणावाराला. उरलेला माणूस दुकानात असतो. जुने मुनीमजी, हमाल, टेम्पोवाले, माल देणारे व्यापारी, समोरचा प्रतिस्पर्धी दुकानदार, यांच्याशी बोला. प्रतिस्पर्ध्याला तर जरूर विचारा. धंद्यातली सचोटी त्याच्याइतकी कुणी पारखलेली नसते, आणि तो चांगलं बोलला तर ते वजनदार असतं.

दानशूरपणाचं काम सगळ्यात अवघड. जो खरोखर देतो तो घरी सांगत नाही, त्यामुळे मुलांना "खूप जणांना मदत केली" यापलीकडे काही माहीत नसतं. कपाटात पावत्यांचे गठ्ठे बघा: शाळेच्या, वसतिगृहाच्या, गोशाळेच्या, मंदिराच्या अन्नदानाच्या. उधारीची वही बघा. कुठल्या खात्यावर रेघ मारून पुढे आकडाच लिहिलेला नाही, हे मुनीमजींना दाखवलंत तर ते त्या रेघेमागची गोष्ट सांगतील. पण एक पथ्य पाळा. ज्याच्या मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला वडिलांनी पैसे दिले, त्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय छापू नका. "एका कामगाराच्या मुलीची फी" एवढं पुरतं. वडिलांनी आयुष्यभर झाकून ठेवलेलं आपण ५०० प्रतींत उघड करायचं नसतं. असं नाव मजकुरात आलं तर आम्ही थांबून विचारतो. काहींना ती ढवळाढवळ वाटते, तरीही विचारतो.

आता सालं. आपल्याकडे वडीलधारी माणसं काळ सांगतात तो "पुराच्या वर्षी" किंवा "सिंहस्थाच्या आदल्या साली" असा. पूर १९६९ चा की २००८ चा? सिंहस्थ १९९१ चा, २००३ चा की २०१५ चा? हे तिथल्या तिथे विचारून घ्या. त्याहून भरवशाची म्हणजे दुकानाची कागदपत्रं. गुमास्ता परवाना, उद्घाटनाची पत्रिका, लक्ष्मीपूजनाला मांडलेल्या वहीचं पहिलं पान. जुनं बिलबुकही बोलतं. त्यावर जीएसटी नंबर असेल तर ते जुलै २०१७ नंतरचं, व्हॅटचा असेल तर एप्रिल २००५ नंतरचं, नुसता जुन्या विक्रीकराचा असेल तर त्याआधीचं. पत्त्यात ४२२ ने सुरू होणारा पिन कोड असेल तर १९७२ च्या आधीचं नक्कीच नाही. असं एखादं बिल मिळालं तर फेकू नका, आमच्याकडे आणा. आतल्या पानावर ते जसंच्या तसं स्कॅन करून लावलं की कुठल्याही डिझाइनपेक्षा छान दिसतं.

तारखेबद्दल थोडक्यात. वर्षश्राद्ध तिथीने असतं, तारखेने नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी तारखेच्या साधारण ११ दिवस अलीकडे येते. मध्ये अधिक मास पडला तर उलट १८-१९ दिवस पुढे जाते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. तारीख धरून निवांत बसलेले ग्राहक गुरुजींचा फोन आल्यावर धावत येतात. आधी तिथी विचारा आणि तिथून मागे तीन आठवडे मोजून आमच्याकडे या. पितृपक्षात आणखी आठवडा धरा.

फोटो मूळ प्रतच आणा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत चेहरा फुटतो. अल्बममधून चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमच घेऊन या. समोर बसून स्कॅन करून लगेच परत देतो. भिंतीवरची मोठी तसबीर असेल तर शहरात आमचा माणूस घरी येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि फोटो हार घातलेलाच हवा असं काही नाही. गल्ल्यावर बसलेले, नाकावर चष्मा घसरलेला, असा असेल तर तो आधी दाखवा.

आमच्या दोन नियमांबद्दल कुरकुर होते. पहिला, दुरुस्त्या एकाच माणसाकडून घेऊ आणि शेवटच्या प्रूफवर सही त्याचीच. घरातल्या चौघांनी चार फोन केले की तिसऱ्याची दुरुस्ती पहिल्याची पुसते, आणि शोकाकुल परिवाराच्या यादीतून एखाद्या सुनेचं नाव गळतं. ते पुढे किती वर्षं ऐकावं लागतं, हे तुम्ही जाणताच. दुसरा, प्लेट निघाल्यावरच्या बदलाचे पैसे पडतात. प्लेट खोडून दुरुस्त होत नाही, नवीच काढावी लागते. सहीआधी दोन प्रुफं मोफत आहेत, आणि मजकूर आधी नीट जमवला असेल तर दोन पुरतात.

लिहिणारं घरात कुणी नसेल तर काळजी करू नका. आत्या, मुनीमजी, ज्यांना सांगायचंय त्यांना एका दुपारी घेऊन या. आमच्याकडे बसून ऐकून घेणारी आणि लिहून काढणारी व्यक्ती आहे. त्याचे पैसे पुस्तिकेच्या दरातच धरलेले आहेत. मजकूर ठरेपर्यंत आगाऊ रक्कम घेत नाही, ऑर्डर पक्की झाल्यावर निम्मी घेतो.

पुस्तिकेची फाइल आम्ही जपून ठेवतो. प्रती कमी पडल्या तर पुन्हा छापताना कंपोजचे पैसे लागत नाहीत. रविवारी काउंटर बंद असतं. प्रूफ बघायला दुपारी चारनंतर या, तेव्हा मशीन थांबलेलं असतं आणि बोललेलं ऐकू येतं.