भक्षक शोधपत्रिका

प्रकाशनशुल्क घ्यायचे, पण त्याबदल्यात कबूल केलेले परीक्षण (त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून होणारी तपासणी), संपादन आणि शोधनिबंधांचे कायमस्वरूपी जतन यांपैकी फारसे काहीच करायचे नाही, अशा रीतीने चालणाऱ्या नियतकालिकांना भक्षक किंवा प्रिडेटरी शोधपत्रिका म्हणतात. दिसायला त्या थेट मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस पत्रिकांसारख्या असतात. त्यामुळे नवखा संशोधक फसतो, आणि कधी कधी मुरलेलाही.

मुक्त प्रवेशाच्या पद्धतीत वाचकाला वर्गणी नसते. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानंतर या चळवळीला जोर आला. वर्गणी नाही म्हटल्यावर खर्च कुठून तरी भागवावा लागतो. काही पत्रिकांना विद्यापीठे आणि विद्वत्सभा पोसतात, तर अनेक पत्रिका निबंध स्वीकारल्यावर लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून शुल्क घेतात. जितके निबंध स्वीकारावेत तितके उत्पन्न, हा मोह या दुसऱ्या पद्धतीत मुळातच आहे. चांगली पत्रिका पैशाचा व्यवहार आणि संपादकाचा निर्णय यांत भिंत घालते. भक्षक पत्रिकेत ही भिंतच नसते.

म्हणून ‘शुल्क मागितले की पत्रिका बोगस’ हा सर्रास ऐकू येणारा ठोकताळा टाकून द्यावा. ‘नेचर’ने २०२० मध्ये मुक्त प्रवेशासाठी जाहीर केलेले शुल्क एका निबंधाला ९,५०० युरो होते, ते जास्त आहे अशी टीका झाली, पण त्या पत्रिकेच्या परीक्षणाबद्दल कोणी शंका घेतली नाही. उलट भक्षक पत्रिका बहुधा स्वस्त असतात. निबंध नाकारला जाण्याची खरीखुरी शक्यता आहे का, हा प्रश्न शुल्कापेक्षा महत्त्वाचा.

भक्षक पत्रिकांचा प्रश्न ऐरणीवर आणला तो कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी. संशयास्पद प्रकाशकांची त्यांची यादी जगभर वापरली गेली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी ती काढून घेतली. यादी उपयोगी होती यात वाद नाही. पण ती एकट्या माणसाच्या निवाड्यावर उभी होती आणि मुक्त प्रवेशाविषयीचा त्यांचा आकस लपून राहत नसे. तिच्या जुन्या प्रती आजही फिरतात. त्यांवर विसंबणे धोक्याचे, कारण प्रकाशक नावे बदलत राहतात.

परीक्षण खरोखर होते का, हे तपासण्यासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध मुक्त प्रवेशाच्या ३०४ पत्रिकांकडे पाठवला. ‘सायन्स’मध्ये २०१३ साली त्यांनी निकाल मांडला: १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला, ९८ जणींनी नाकारला. नाकारणाऱ्यांत ‘प्लॉस वन’ होती. स्वीकारणाऱ्यांत नामांकित प्रकाशनसंस्थांच्या पत्रिकाही निघाल्या. वर्गणीच्या पत्रिकांकडे हा निबंध पाठवलाच नव्हता, त्यामुळे मुक्त प्रवेशच वाईट असा निष्कर्ष यातून निघत नाही, जरी तो अनेकांनी काढला. पुढे २०१७ मध्ये काही संशोधकांनी एका काल्पनिक विदुषीचा अर्ज संपादकपदासाठी ३६० पत्रिकांकडे धाडला. बील यांच्या यादीतील १२० पैकी ४० पत्रिकांनी तिला नेमले, ‘डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स’ या सूचीतील १२० पैकी ८ पत्रिकांनी. अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पत्रिकेतल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो हे सांगणारा आकडा, असलेल्या १२० पैकी एकीनेही नाही.

पत्रिका पारखताना एक गोष्ट पक्की धरावी. जे पत्रिका स्वतःविषयी सांगते ते पुरावा नव्हे. बाहेरून पडताळता येते तेवढाच पुरावा. आयएसएसएन हा पत्रिकेचा केवळ ओळखक्रमांक आहे, तो गुणवत्तेची हमी देत नाही. प्रत्येक निबंधाला मिळणाऱ्या डीओआय या क्रमांकाचेही तेच. ‘ग्लोबल’ किंवा ‘युनिव्हर्सल’ अशी भारदस्त विशेषणे लावलेले इम्पॅक्ट फॅक्टर विकत मिळतात. खरा आकडा ‘क्लॅरिव्हेट’ या कंपनीच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये असतो आणि तो तिथेच जाऊन पाहायचा. ‘स्कोपसमध्ये समाविष्ट’ असे लिहिले असेल तर स्कोपस या शोधपत्रिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत शोधायचे, आणि समावेश मध्येच थांबवलेला नाही ना तेही बघायचे. प्रकाशक ‘कोप’ या प्रकाशननीतीच्या समितीचे बोधचिन्ह मिरवत असेल तर समितीच्या सदस्ययादीत त्याचे नाव हवे. संपादक मंडळातील दोघा-तिघांची त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर खात्री करावी आणि सरळ पत्र लिहून विचारावे. आपले नाव तिथे आहे याचा त्यांनाच पत्ता नसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

आणखी बोलकी खूण म्हणजे छापून आलेला मजकूर. जुन्या अंकांतले चार-पाच निबंध आपल्या विषयाच्या जाणकाराने वाचले की परीक्षण झाले की नाही हे लपत नाही. एकाच अंकात दंतवैद्यक, सिमेंट आणि काव्यशास्त्र नांदत असेल, आठवड्याभरात स्वीकृतीची हमी असेल, आर्जवी ईमेलमध्ये आपला विषयच चुकलेला असेल, तर फार खोलात जायची गरज उरत नाही. मात्र बेंगरूळ संकेतस्थळ किंवा कच्चे इंग्रजी एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवू नये. छोट्या विद्वत्सभांच्या कित्येक प्रामाणिक पत्रिका अशाच दिसतात.

‘डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स’ ही सूची २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झाली. बोहॅनन यांचा निबंध स्वीकारणाऱ्यांत तिच्यातल्याही पत्रिका होत्या. २०१४ मध्ये तिने निकष कडक केले, जुन्या पत्रिकांना नव्याने अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये सुमारे ३,३०० पत्रिका वगळल्या. आज सुरुवात करायला याहून बरी जागा नाही. पण नव्या प्रामाणिक पत्रिकेला सूचीत यायला वेळ लागतो. नाव नाही म्हणजे लबाडी असेही नव्हे.

काही प्रकार या चौकटीत नीट बसत नाहीत. अपहृत पत्रिकेत एखाद्या खऱ्या पत्रिकेचे नाव आणि आयएसएसएन चोरून तोतया संकेतस्थळ उभे केले जाते. तिथे सूचीतली नोंद खरी निघते, फक्त पत्ता दुसऱ्याचा असतो. दुसरीकडे प्रतिष्ठित घराण्यांतही पडझड होते. ‘वायली’ या मोठ्या प्रकाशकाच्या मालकीच्या ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेला २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, कारण विशेषांकांच्या वाटेने निबंधांचे कारखाने, म्हणजे पैसे घेऊन बनावट निबंध तयार करून देणारे धंदे, आत शिरले होते. तिला भक्षक म्हणायचे की फसवली गेलेली, यावर अजून एकमत नाही.

कायद्याचा बडगा क्वचितच बसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये ‘ओमिक्स’ या प्रकाशनसमूहावर दावा लावला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. परीक्षणाचे खोटे दावे आणि निबंध सादर होईपर्यंत लपवलेले शुल्क हे त्यातले प्रमुख आरोप होते. अडकलेल्या लेखकाची सुटका त्याहून अवघड. निबंध मागे घ्यायचा म्हटले तर अशा पत्रिका त्याचेही पैसे मागतात, आणि एकदा तो छापला गेला की चांगली पत्रिका प्रकाशित मजकूर म्हणून तो परत घेत नाही. त्यामुळे शंका आल्यास शुल्क भरण्याआधी आणि स्वामित्वहक्काच्या करारावर सही करण्याआधी लेखी कळवून निबंध मागे घेणे, आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवणे, हाच व्यवहारात चालणारा उपाय आहे.