चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना किंवा पणजीत आल्तिनोची चढण चढताना पोटरी आवळून येते, दोन-पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की दुखणं जातं, आणि परत साधारण तेवढंच चाललं की परत तिथंच धरते. घरचे म्हणतात वय झालं. पण हे पायाला रक्त कमी पोचत असल्याचं लक्षण असू शकतं. धमनीत चरबी साचून ती अरुंद होते, बसल्या जागी रक्त पुरतं, चालायला लागलं की स्नायूंना जास्त लागतं ते मिळत नाही. सिगारेट-बिडी, शुगर, बीपी असलेल्यांनी तर हे अंगावर काढूच नये.

मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, पण तिथं नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. व्हेरिकोज व्हेन्सचं (पायाच्या फुगलेल्या शिरांचं) दुखणं उभं राहून वाढतं आणि पाय वर ठेवला की बरं वाटतं. धमनीचं उलट, आजार वाढला की रात्री पाऊल दुखतं आणि माणूस पाय खाटेवरून खाली सोडून बसतो.

टेस्ट अगदी साधी आहे, सुईसुद्धा नाही. आडवं झोपवून बीपीचा पट्टा दंडाला आणि घोट्याला बांधतात, छोट्या डॉपलर मशीनवर ठोका ऐकतात आणि घोट्याला आलेल्या बीपीच्या वरच्या आकड्याला दंडाच्या वरच्या आकड्यानं भागतात. दंडाला 140, घोट्याला 98 म्हणजे 0.7. साधारण 1 ते 1.4 नॉर्मल, 0.9 किंवा कमी आलं तर धमनीचा आजार.

पण शुगरवाल्यांना हा आकडा फसवू शकतो, आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यातच सगळ्यात जास्त निघालं, 26.4 टक्के. त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या ताठ होतात, पट्ट्यानं नीट दबत नाहीत, मग आकडा उगाच चांगला दिसतो किंवा 1.4 च्या वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला सांगा, तेही दंडाच्या प्रेशरनं भागून 0.7 च्या खाली आलं तर गडबड आहे. शिवाय पाय बधिर असले तर पोटरी दुखतच नाही, देवळात अनवाणी फिरताना तापलेल्या फरशीनं भाजलेलंही कळत नाही, आणि पहिली खूण म्हणून समोर येते ती न भरणारी जखम. म्हणून रोज तळवे बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

आणि एखादा पाय अचानक दुखून गार, पांढरा, बधिर पडला तर चोळत बसू नका, काही तासांतच पाय कायमचा जाऊ शकतो, लगेच 108 ला फोन करा.